लवंग की विलायची

भर दुःखात कर्रकन आवाज आला.

मी तेव्हा सुमनच्या नवऱ्याला मारत होते. म्हणजे कादंबरीतलं त्याचं मरण मोठ्यानं वाचत होते. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या वाचन मंडळाची रीतच होती ती… रविवारी दुपारी एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले, पुरुष उगाच चष्मे पुसताहेत, आणि खिडकीतून हा आवाज! मी मान वर केली. गजांबाहेर स्कूटरवर बसलेला एक अनोळखी माणूस. हातात अर्धी खाल्लेली बिही. रायपुरात पेरूला बिहीच म्हणतात. तोंड भरलेलं, आता चावावं की गिळावं ते कळेना, आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा.

रडता रडता बिही खात होता बिचारा.

आणि मी हसले.

दोन वर्षांपूर्वी बिलासपूरच्या रस्त्यावर अपघातात माझे यजमान गेले, विशाल, त्यानंतर मी चारचौघांत हसले नव्हते. हसू नकोस असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण न सांगितलेले नियमच आपण जास्त पाळतो, नाही का? शेजारी सासूबाई बसल्या होत्या, वनमालाबाई. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अहो, आत या की!" अनंतरावांनी त्याला हाक मारली. मंडळ तेच चालवायचे. "आपलं आडनाव?"

"रामटेके. राकेश रामटेके."

"हं… म्हणजे आपण कुठले?"

"रेल्वेतले," तो अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला. "बाबा डोंगरगडले होते रेल्वेत. मी भोपाळच्या ट्रकातून आलो, फाइलींसोबत."

ते छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झाल्याचं नवंनवं वर्ष. घरांची भाडी रातोरात दुप्पट झाली होती, गल्लीगल्लीतून लाल दिव्याच्या गाड्या धुरळा उडवत फिरायच्या, आणि मंत्रालय जुन्या इस्पितळाच्या इमारतीत थाटलं होतं. हा त्यातलाच एक बाबू. घर शोधत पाऱ्यात हिंडत होता, मराठी कानावर पडलं आणि थबकला.

चहा आला. सगळ्यांना कपात. राकेशला डिस्पोजलमध्ये, वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या पेल्यात.

नवा माणूस, कप कमी पडले असतील… पुढच्या रविवारी तो परत आला, तेव्हा मी मोजूनच बघितलं. कपाटात तीन कप रिकामे होते. मीही डिस्पोजल उचललं. त्यानं बघितलं आणि हळूच स्वतःचं माझ्याकडे उंचावलं. चिअर्स म्हणतात ना, तसं.

मला उगाच ठसका लागला.

कादंबरी पुढे सरकत राहिली. विधवा सुमनच्या गावात विहीर खणायला एक जण येतो. विहिरीला पाणी लागतं, सगळं गाव पितं, त्याला मात्र ओंजळीत वरून ओततात. सुमनचा जीव त्याच्यावर जडतो. एका पहाटे सासू झोपलेली असताना ती त्याच्याबरोबर निघून जाते. तिनं बरं केलं की वाईट, लेखक काहीच सांगत नाही. हात झटकून मोकळा!

पण आमचं मंडळ मोकळं कसलं सोडतंय. कादंबरी संपली की निवाडा व्हायचा. एकानं पात्राविरुद्ध फिर्याद करायची, दुसऱ्यानं बचाव, आणि मग पितळी वाटीत प्रत्येकानं एक दाणा टाकायचा. दोषी असेल तर लवंग, निर्दोष असेल तर विलायची.

"फिर्याद पूर्णिमानंच करावी," मंडळातल्या कलावतीबाई माझ्याकडे बघत गोड आवाजात म्हणाल्या. "विधवेनं कसं राहावं, ते तिच्याइतकं कुणाला कळतंय!"

"मग बचाव मी करतो," राकेश म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं त्याला.

तयारीच्या निमित्तानं आम्ही बुढातलावाच्या काठी भेटलो. माघातली अवेळीची भुरभुर होती. छत्री त्याच्याकडे होती, पण ती पूर्ण माझ्यावर आणि त्याचा डावा खांदा पावसात.

"भिजताय तुम्ही."

"सरकारी खांदा आहे मॅडम, काही होत नाही त्याले. करा फिर्याद."

"तिच्या नवऱ्याचं वर्षश्राद्धसुद्धा झालं नव्हतं. इतक्या लवकर?"

"मग किती दिवसांनी चाललं असतं? तारीख सांगा, फाइलीत नोटशीटवर घेतो."

"थट्टा नको हो. तिला त्याचा आवाजही आठवेनासा झाला होता… नवऱ्याचा. डोळे मिटले तरी ऐकू येत नव्हता. असं विसरतं का कुणी?"

तो थांबला. छत्री जराशी कलली.

"हे कुठं लिहिलं आहे? मी दोनदा वाचली कादंबरी."

कुठंच नव्हतं. ते माझं होतं.

"पूर्णिमाजी…" तो हळू म्हणाला, "फिर्याद कोणाविरुद्ध तयार करून राहिल्या तुम्ही?"

तलावावर थेंबांची बारीक जाळी पडत होती. मी तीच बघत राहिले.

"मी बी बचाव सुमनचा नाही करून राहिलो," तो मग म्हणाला, आणि हसला, पण ते हसू ओठांवरच थांबलं. "त्या विहिरीवाल्यासाठी अख्खं मंडळ रडलं ना? कलावतीबाई तर हुंदके देऊन देऊन. अन मले डिस्पोजल! आता सांगा, मी कादंबरीत जाऊन राहू का?"

"नका जाऊ," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी छत्रीच्या काड्यांकडे.

"उत्तर आजच नाही पाहिजे," तो म्हणाला. "पण मी विचारलं आहे, असं समजा."

"काय विचारलंत?"

"तेच… जे तुम्ही समजल्या."

निवाड्याच्या रविवारी बैठक गच्च भरली. राकेश मोजकं आणि छान बोलला. मग मी उठले. रात्रंदिवस पाठ केलेले मुद्दे ओठांवर होते. मी म्हणाले, "माझी फिर्याद नाही. सुमनचं दुःख किती दिवस चालायला हवं होतं ते मला ठरवता येत नाही. माझं स्वतःचंच मला ठरवता आलेलं नाही."

"ही काय फिर्याद झाली?" कलावतीबाई फणकारल्या.

वाटी फिरली. महिनाभर सुमनसाठी रुमाल भिजवणाऱ्या त्याच माणसांनी तिला दोषी ठरवलं, लवंगांचा नुसता ढीग झाला. मी फक्त एकच मूठ बघत होते. सासूबाईंनी ती वाटीवर उघडली आणि लवंग पडली. राकेशनंही बघितलं. तो उठला, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही… मला अवघडायला नको म्हणून.

आमच्या ब्राह्मणपाऱ्यात शिरेपर्यंत सासूबाई झपझप पुढे चालत राहिल्या. मी त्यांच्या मागून. विशाल गेल्यावर माहेरी न जाता मी या बाईजवळ राहिले होते. रडताना आम्ही एकमेकींच्या कुशीत रडलो होतो. आता यांना दुखवून मी कुठं जाणार होते? मनातल्या मनात राकेशला नाही म्हणून झालंही.

स्वयंपाकघरात त्यांनी भाजीची जुडी पुढ्यात ओढली.

"तुले राग आला माया लवंगेचा."

"नाही, आई."

"खोटं काहून बोलतेस? आला असन." त्या काड्या मोडत राहिल्या. "ते सुमन पहाटे गेली. सासू झोपून होती. उठल्यावर त्या म्हातारीनं काय पाह्यलं? रिकामं अंथरूण. आधी पोरगा गेला न सांगता, मग सून बी. लिहिणाऱ्यानं त्या म्हातारीवर एक पान नाही लिहिलं! मी लवंग टाकली ते त्याच्यासाठी. प्रेमासाठी नाही."

मीही जुडीतली एक काडी ओढली.

"तू त्या दिवशी हसलीस ना," त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मले वाटलं, बरं झालं. अन राग बी आला. दोन्ही. त्या पोट्ट्याच्या घरी मी पाणी पिईन का नाही, आज नाही सांगता येत मले. आमची हाडं जुनी आहेत. वेळ लागन. पण तो माया हिशेब आहे, तुया नाही. तुले जायचं असन, तर सांगून जा. दिवसा जा."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. "आई… मला जायचंय."

त्यांचा हात माझ्या केसांवर आला, भाजीच्या मातीसकट.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी मंत्रालयात गेले. राकेश पायऱ्या उतरत आला, तोंडावरचा रंग उडालेला. "काय झालं? घरी सगळे ठीक?"

"ठीक. आईंनी विचारलंय, तुम्ही घरी कधी येता."

"काय म्हणून येऊ?"

शिपाई बघत होते, बाबू बघत होते, पानठेल्यावरचा एक जण तर चुना लावायचा विसरला होता. माझा आवाज मात्र अजिबात कापला नाही. आजही मला त्याचं नवल वाटतं.

"मला मागायला," मी म्हणाले.

तो त्या पायरीवर मटकन खालीच बसला. आणि मग, सगळ्या राजधानीसमोर, मी त्याच्या शेजारी.