गुडघ्यांच्या उंचीवरून

प्रेमकथेतला नायक शेवटच्या पानावर गुडघे टेकतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. मला भेटलेला माणूस पहिल्याच क्षणी गुडघ्यांवर होता, आणि त्याचे माझ्याकडे एकच मागणे होते.

“जरा बाजूला सरकता का? उजेड अडतोय.”

मी सरकले. मला खरे तर वरच्या मजल्यावरचा हॉल पाहायचा होता. चुकून खालच्यात शिरले होते. फरशीवर दुपारचे ऊन तिरके पसरले होते, नव्या फुग्यांचा रबरी वास येत होता, आणि पँटच्या गुडघ्यांना चामड्याची ठिगळे लावलेला एक उंच माणूस हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गुडघ्यांवर चालत निघाला होता. मध्येच थांबे, मान वळवे, टेबलाच्या कोपऱ्याला स्पंजचा तुकडा चिकटवे आणि पुढे जाई.

“काही हरवलंय का?” मी विचारले.

“उंची. तात्पुरती.” त्याने वर न बघता सांगितले. “उद्या इथे समुद्री चाच्यांची पार्टी आहे. सहा वर्षांच्या चाच्याला इथून काय दिसतं ते बघतोय.”

“काय दिसतं?”

“मोठ्या माणसांचे पट्टे. टेबलांच्या खालच्या बाजू. मोठी माणसं फुगे छताला लावतात आणि खूश होतात. पोरांना ते मान दुखेपर्यंतच दिसतात.” मग तो माझ्याकडे वळला. “तपासून बघा हवं तर. खाली या.”

विधान तपासण्याजोगे होते. पण माझी पँट इस्त्रीची होती, म्हणून मी ते न तपासताच मान्य केले. असे मी सहसा करत नाही. हे वाक्य पुढे एकदा आठवावे लागणार आहे.

मुलांच्या पार्ट्या आखणे हा त्याचा व्यवसाय होता. त्यापूर्वी तो पुलांचे आराखडे काढत असे. ते का सोडले, असे विचारल्यावर म्हणाला, “पुलावरून माणसं जातात आणि पूल विसरतात. चांगलंच आहे ते. पण मला कोणीतरी उड्या मारलेल्या बघायच्या होत्या.” मुले त्याला गुडघेकाका म्हणत.

मला त्याची गरज होती, त्याचे कारण माझी भाची. ताई तिला मुंगी म्हणते, कारण ती खोलीत शिरली की भिंतीच्या कडेकडेने चालते. आदल्या वर्षी कोणाच्या तरी वाढदिवसाला संगीतखुर्चीत ती पहिल्याच फेरीत बाद झाली, पोरे हसली, आणि ही टेबलाखाली जाऊन बसली ती ताई घ्यायला येईपर्यंत. आता शाळा नवी होती, वर्ग नवा होता, सातवा वाढदिवस येत होता. संपूर्ण वर्गाला बोलावून झाले होते. ताई नर्स आहे. तिच्या पाळ्यांमध्ये पार्टी बसत नव्हती, म्हणून आखणी माझ्याकडे आली. मुंगीने मला एकच विचारले होते, “मावशी, या वेळी टेबलाखाली जावं लागेल का गं?” मी म्हणाले होते, “नाही. शब्द देते.”

मी पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. शब्द देण्याची मला सवय नाही. आम्ही अहवाल देतो.

विषय मुंगीनेच निवडला: मावशीची लॅब. त्यामुळे गुडघेकाकांना लॅब पाहणे भाग होते. ते समजण्यासारखे होते. दुसऱ्यांदा तो बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा रंग बघायला आला, तेही समजण्यासारखे होते. त्यानंतर नळाचा आवाज ऐकायला आला.

“नळाचा आवाज?”

“खरी लॅब कशी वाजते ते कळायला नको?”

तो स्टुलावर बसून खरोखरच ऐकत राहिला. कोणतीही गोष्ट बघताना तो पूर्ण बघत असे, अर्धवट नव्हे. चंचुपात्र उजेडासमोर धरताना माझी मान किती कलते, हेसुद्धा त्याने टिपले आणि दुसऱ्या दिवशी पार्टीतल्या पोरांसाठी पुठ्ठ्याचे चष्मे, मान तेवढी कलली तरी घसरणार नाहीत असे, कापून आणले. इतक्या काटेकोरपणे काम करणारी माणसे मी आमच्या क्षेत्रातही मोजकीच पाहिली आहेत. त्याच्या डाव्या भुवईत चमकीचा एक कण अडकलेला असे. मी तो त्याला सांगितला नाही. नमुन्यात फेरफार करू नये, असा आमचा नियम आहे.

“हे गुडघेवाले रोज कसली मापं घेतात तुझ्या लॅबची?” ताईने फोनवर विचारले.

“कामाची.”

“बरं बरं. तुझी मापं घेऊन झाली की कळव.”

मतभेदही झाले. त्याच्या खेळात कोणी बाद होत नसे. संगीतखुर्चीत तो खुर्च्या कमी करी, मुले नाही. शेवटच्या खुर्चीवर सगळ्यांनी मावायचे.

“मग निकाल कसा लागतो?” मी विचारले.

“लागत नाही. भूक लागते, तेव्हा थांबतात.”

“आणि खुर्ची?”

“मी पूल बांधलेत, बाई. खुर्ची तपासलीय.”

खरा वाद मात्र टेबलाखालच्या जागेवरून झाला. प्रत्येक पार्टीत तो एका टेबलावर जमिनीपर्यंत पोहोचणारे कापड घाली आणि आत एक लहानशी खोली सजवी: उशी, वरच्या फळीला चिकटवलेले अंधारात चमकणारे तारे, हातांना काहीतरी उद्योग.

“प्रत्येक पार्टीत एक तरी पोर टेबलाखाली जातं,” तो म्हणाला.

“ही पार्टी तेवढ्याचसाठी आहे, की तिने जाऊ नये. तुम्ही आधीच बिछाना घालून ठेवताय.”

“काहींना आधी लांबून बघायचं असतं. ते हरणं नसतं.”

“उपयोग होणार नाही.”

“आणि झाला तर?”

“तर मी सबंध हॉल गुडघ्यांवर चालेन.”

“इस्त्रीच्या पँटमध्ये?”

त्याला पँट लक्षात होती. मी ते निरीक्षण मनात नोंदवले.

माझा वाटा होता खजिन्याचा शोध. लाल कोबीचा जांभळा रस आंबटात गुलाबी होतो आणि सोड्यात हिरवट. ठिकठिकाणी पाण्याच्या बरण्या ठेवायच्या, काहींत लिंबाचे मोजके थेंब, काहींत चिमूटभर सोडा. मुलांनी रस ओतायचा. गुलाबी झाले तर गुलाबी दाराकडे, हिरवे झाले तर बागेकडे. लिंबू इतके कमी घातले होते की वासावरून कोणी ओळखू नये. लॅबमधल्या शुद्ध पाण्यात मी सगळे पुनःपुन्हा करून पाहिले. एकदाही चुकले नाही.

पार्टीच्या दिवशी मुले पांढरे सदरे घालून आली. सदऱ्यांचे खिसे त्याने मुद्दाम मोठे शिवून घेतले होते, कारण खजिना शोधणाऱ्या माणसाला खिसा पुरत नाही. खुर्चीचा खेळ झाला, सगळी पोरे एकमेकांच्या मांडीवर लटकली, आणि मुंगी त्या ढिगाच्या तळाशी हसत होती. मी भिंतीशी उभी होते. शब्द पाळला जात होता.

मग शोध सुरू झाला. पहिली बरणी निळी झाली.

दुसरीही निळीच. गुलाबी कुठेच नाही.

“निळं दार कुठंय?” एका मुलाने विचारले. निळे दार नव्हतेच. पोरे इकडून तिकडे धावली, एकमेकांवर आपटली, आणि पुढचे दात पडलेली एक मुलगी स्पष्ट म्हणाली, “हिच्या मावशीचा खेळ बिघडलाय.” कोणीतरी हसले. मी मुंगीकडे पाहिले. ती भिंतीच्या कडेकडेने चालू लागली होती; मग टेबलाचे कापड हलले आणि ती दिसेनाशी झाली.

कारण मला त्याच क्षणी कळले. लॅबमधून पाण्याचा एकच कॅन आणला होता, रस पातळ करण्यापुरता. बरण्या मी हॉलच्या नळावर भरल्या होत्या. हॉलला बोअरचे पाणी होते, क्षारांनी भरलेले. त्याने माझे मोजके लिंबू गिळून टाकले. लोकांचे पाणी तपासणे हा माझा चरितार्थ आहे, आणि हेच एक पाणी मी न तपासता वापरले होते.

“लिंबं आणते,” मी त्याला म्हणाले. “दुकान जवळ आहे.”

“थांबा.” त्याने माझ्या मनगटाला बोटे लावली, जेमतेम. “आधी ती.”

तो टेबलापाशी गुडघ्यांवर बसला, आत डोकावला नाही, कापडालाच म्हणाला, “बाहेर यायचंय, की अजून वेळ आहे?”

“अजून वेळ आहे,” आतून आवाज आला.

“बरं.” आणि तो तिथेच बसून राहिला, जणू जगात दुसरे काही कामच नाही. मोठ्या माणसांपैकी कोणालाही, मला तर नक्कीच, इतके स्वस्थ बसणे जमले नसते.

आत तिच्या हातांसाठी त्याने ड्रॉपर, वाट्या, थोडा रस आणि लिंबाच्या थेंबांची बाटली ठेवली होती. माझा लॅबच्या पाण्याचा कॅनही मुलांच्या पायांत येऊ नये म्हणून तिथेच सरकवला होता. बराच वेळ नुसती खुडबूड ऐकू आली. मग कापड किंचित उचलले गेले.

“मावशी... इथे गुलाबी होतंय.”

मी तोंड उघडले. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मी ते मिटले.

“खरंच?” तो कापडाला म्हणाला. “लिंबू तेच आहे ना?”

“तेच. रस पण तोच.” आत आणखी एक वाटी सरकली. “म्हणजे बाहेरचं पाणी फसवतंय.”

दात पडलेली मुलगी सर्वांत आधी पालथी पडून आत शिरली. तिच्यामागून बाकीची. टेबल हलू लागले. मग मुंगी बाहेर आली, हातात ड्रॉपर, आणि मागे सबंध वर्ग. तिने हॉलमधला प्रत्येक नळ तपासला: बेसिनचा, मोरीचा, बागेतला. मग मुलांच्या घरून आलेल्या बाटल्या. एक बाटली भडक गुलाबी झाली तेव्हा तिचा मालक गुन्हेगारासारखा उभा राहिला आणि त्यात सरबत असल्याचे त्याने कबूल केले. सगळी हसली, तोही हसला, मुंगीने त्याला ‘नमुना दूषित’ असे सांगितले. हा शब्द तिने माझ्याकडून घेतला होता.

खजिन्याची आठवण कोणालाही राहिली नाही. भूक लागली, तेव्हा थांबली.

ताई ड्युटी संपवून आली तेव्हा मुलांची पांगापांग झाली होती. मुंगी दारात तिला, दात पडलेल्या मैत्रिणीला आणि मैत्रिणीच्या आईला पाण्याबद्दल एकाच वेळी सांगत होती. हॉलमध्ये फुग्यांची टरफले, सांडलेला जांभळा रस आणि आम्ही दोघे उरलो होतो. त्याने गुडघ्यांना बांधायच्या दोन गाद्या माझ्यापुढे धरल्या.

“पैज,” तो म्हणाला.

“मी माघार घेऊ शकते?”

“आमच्याकडे कोणी बाद होत नाही. सुटका नाही.”

मी गाद्या बांधल्या आणि खाली बसले. तेथून हॉल निराळाच होता. खुर्च्यांच्या खालच्या बाजूंना त्याने लहान लहान कागदी मासे लावले होते, जे उभ्या माणसाला दिसणे शक्यच नव्हते. दाराच्या मुठीखाली हसणारा चेहरा. प्रत्येक टोकदार कोपऱ्याला स्पंज, आणि प्रत्येक स्पंजवर एक डोळा. आम्ही सगळी मोठी माणसे दिवसभर यातले काहीही न बघता वावरलो होतो. मी हळूहळू गेले, कारण घाई करण्यासारखे ते काम नव्हते, आणि टेबलापाशी पोहोचल्यावर कापड उचलून आत शिरले.

तारे अजून चमकत होते. पलीकडून तो आला, पाय दुमडून, मान वाकवून. त्याच्या उंचीला ती जागा मुळीच पुरत नव्हती.

“पॅकबंद झालोय,” तो म्हणाला. मग म्हणाला, “एक सांगायचंय. नळाचा आवाज... पार्टीत वापरलाच नाही मी.”

“माहीत आहे.”

“चिठ्ठ्यांचा रंगही पहिल्याच भेटीत कळला होता.”

“तेही माहीत आहे. नमुने बघणं हे माझं काम आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“पुरावा जमू देत होते.”

तो हसला नाही. “जमला का?”

मी हात पुढे केला आणि त्याच्या डाव्या भुवईतला चमकीचा कण बोटाच्या टोकावर घेतला. पहिल्या भेटीपासून तो कण तिथे होता, निदान त्याचा कोणी ना कोणी वारस तरी. “आज मी चुकले,” मी म्हणाले, “आणि तू मला चुकलेली राहू दिलंस. दुरुस्त करायला धावला नाहीस. असं माझ्याशी कोणी वागलेलं नाही.” ‘तू’ कधी आला, ते माझ्या लक्षात आले नाही, त्याच्या आले, कारण त्याचे कान लाल झाले. ताऱ्यांच्या उजेडात लाल रंग दिसत नाही, हे मला माहीत आहे. तरीही झाले.

“मला रोज यायचंय,” तो म्हणाला. “कारण न शोधता.”

“ये.”

त्याने माझ्या बोटावरचा चमकीचा कण न पाडता हात हातात घेतला. बाहेर छोट्या पावलांचा आवाज आला. कापडाची कड किंचित वर झाली, पण आत कोणी डोकावले नाही.

“मावशी,” मुंगी कापडाला म्हणाली, “बाहेर यायचंय, की अजून वेळ आहे?”

“अजून वेळ आहे,” मी म्हणाले.

“बरं.” तिने कापड अलगद खाली सोडले, कडेची घडी सारखी केली, आणि तिथेच बाहेर स्वस्थ बसून राहिली.