आबाचा रविवारचा फोन

दिघोरीपासून पवनीपर्यंत माझ्यासारखा निडर माणूस शोधून सापडायचा नाही. मसणातून गेलेलो आहे मी, छाती काढून. आता सोबत अख्खं गाव होतं, भर दुपार होती आणि मी मधोमध चालत होतो, ती गोष्ट निराळी.

गोलू, तो मोबाईल तिकडे ओट्यावर ठेव. गुड्डी, तुझाही. काहून ते मागाहून कळेल. आणि ज्याला बाहेर जाऊन यायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन यावं. नंतर मी कोणाच्या सोबत येणार नाही. मला जायचं झालं, तर मात्र सगळ्यांनी यायचं.

ही गोष्ट टेकचंदची. तो हल्ली कोणाशी बोलत नाही म्हणून तुम्ही त्याला शिष्ट म्हणता ना? ऐका मग.

बेबीबाई ही त्याची बहीण. तिला या गावात तेजरामकडे दिली आणि मागोमाग भाऊही बिऱ्हाड उचलून इथंच. धानाची कापणी झाली की आपल्याकडे नाटकं लागतात, रात्रभर चालतात, हे काय तुम्हाला सांगायचं. टेकचंद त्यातला आवाजाचा राजा. हिरॉईनचा गळा बसला की हा विंगेतून तिचं बोलायचा, ती नुसते ओठ हलवायची, अन् शिट्ट्या तिला पडायच्या. एकदा त्यानं माझ्या आवाजात माझ्या बायकोला हाक मारली. तिनं अर्धा तास त्याला झापलं. मी दोन घरं सोडून ऐकत होतो. म्हटलं, चला, आजचं आपलं झालं.

या नाटकमंडळीत एक कायदा होता. प्रयोग चालू असताना नटाच्या घरचं कोणी गेल्याचा निरोप आला, तर पडदा पडेपर्यंत त्याला सांगायचं नाही. विंगेत सगळ्यांना माहीत, स्टेजवर तो एकटा लोकांना हसवतोय. टेकचंदचा बाप गेला तेव्हा तसंच झालं. त्याला पहाटे कळलं, तोंडाला रंग तसाच होता. त्यानं कोणाला दोष दिला नाही. कायदा म्हणजे कायदा.

आता रेणू. तेजराम-बेबीबाईची पोरगी, टेकचंदची भाची. नागपूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकते. त्यातही तिला आवडलं काय, तर बेडूक. पावसाळ्यात सुट्टीवर आली की रात्री आपल्या तलावाच्या पाळीवर, बांधावर जाऊन बेडकांचे आवाज मोबाईलमध्ये भरून घ्यायची. टॉर्च धरायला सुखराम आबा, तिचा आजा. तो आयुष्यभर बेडकांना शिव्या देऊन झोपलेला माणूस. पण नातीसाठी चिखलात उभा राहायचा. मी विचारलं, सुखराम, समजते का रे काही? म्हणाला, काही नाही, पण पोट्टीले समजते ना.

तेच आवाज दाखवून रेणूची निवड झाली. एक सेमिस्टर फिनलंडला. तिथं म्हणे दिवाळीनंतर सूर्य दुपारच्या जेवणालाच घरी जातो. माझ्यासारखाच आहे बिचारा.

जाताना तिनं आबाला आपला जुना मोबाईल दिला. दर रविवारी फोन. आबा बोलायच्या आधी मोबाईलमध्ये फुंकर मारायचा, सभेतल्या माईकमध्ये मारतात तशी. फूऽऽ. मग विचारायचा, "तिकडचे बेडकं बोलले का ओ?" पोरगी हसायची.

कोजागिरीच्या सुमारास आबा आजारी पडला. शेवटच्या रात्री एकच धोशा, रेणूले फोन लाव. तेजराम लावायला निघाला होता. टेकचंदनं त्याचा हात धरला. म्हणाला, तिनं हा आवाज ऐकला तर सगळं सोडून येईल, पुन्हा अशी संधी नाही. पडदा पडू दे.

आणि तो उठून मागच्या खोलीत गेला, धानाच्या पोत्यांमागे. तिथून आबाच्या मोबाईलवर फोन लावला. रेणूच्या आवाजात बोलला.

आबानं फुंकर मारली. क्षीण. विचारलं, "बेडकं झोपले का ओ?"

"झोपले, आबा," टेकचंद म्हणाला.

आबानं मोबाईल बराच वेळ कानाला धरून ठेवला. पुढं काही बोलला नाही. पहाटे गेला.

टेकचंदला वाटलं, जन्मातली सगळ्यात भारी भूमिका झाली. ही गोष्ट तो, तेजराम आणि बेबीबाई या तिघांतच राहिली. मला कळली ती फार पुढं.

मग रविवार आला. फोन वाजला. आता आबाचा आवाज काढणं टेकचंदला काय जड. फुंकर, खोकला, बेडकं, सगळं जागच्या जागी. तोंड दाखव म्हणेल म्हणून मोबाईलचा कॅमेरा त्यानं आधीच खिळ्यानं घासून ठेवला होता. आणि गाव? गाव पूर्ण सामील. या गोलूनं स्टेटसला भावपूर्ण श्रद्धांजली टाकली होती, रात्रीतून काढायला लावली. मी स्वतः फोनवर ओरडलो, "रेणू, तुह्या आबानं माही तंबाखू संपवली." पोरगी खुश. आम्ही सगळे विंगेत उभे होतो बाप्पा. स्टेजवर ती एकटी.

असा दिवाळीनंतर डिसेंबर आला. शेवटचा रविवार झाला. टेकचंदनं तो मोबाईल बंद केला, सिम काढून कागदात गुंडाळलं. पोरगी आली की तिच्या हातात द्यायचं, आणि सगळं सांगायचं. आईबापाची हिंमत होत नव्हती. टेकचंद म्हणाला, मी साकोलीहून घेऊन येतो, रस्त्यात सांगतो. घराच्या दारात हार घातलेला फोटो आहे. त्याच्या आधी तिला कळलं पाहिजे. एवढंच काम होतं.

तारीख एकोणीस डिसेंबर, शुक्रवार. मार्गशीर्षातली अमावस्या. गावातल्या सचिनची व्हॅन घेऊन तो निघाला. रेणू नागपूरहून बसनं साकोलीला उतरली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. डोक्याला लोकरी टोपी, हातात पिशवी. पिशवीत आबासाठी टॉर्च. तिकडची. डोक्याला बांधायची. म्हणजे हात दुखणार नाही.

टेकचंदनं ठरवलं, चहा पिताना सांगू. चहा संपला. म्हटलं, जंगल लागलं की सांगू. जंगल लागलं. रेणू बोलत होती. तिकडं बेडूक बर्फाखाली पाण्याच्या तळाशी बसून राहतात म्हणे, महिनोन्‌महिने. मेल्यासारखे. पण मेलेले नसतात.

"मामा, आबा जागे असतीन का?"

"असतीन," टेकचंद म्हणाला. आणखी एक खोटं झालं.

मग ठरवलं, तलावाची पाळ आली की गाडी थांबवायची. तिच्याच जागेवर. तिथं सांगायचं.

जंगल संपलं. धानाची कापलेली शेतं, मोकळी बांधी लागली. धुकं. समोरचा रस्ता गाडीच्या दिव्यापुरताच. पाळ दिसली.

आणि बेडूक ओरडला.

डिसेंबरात. एकच. गाडीच्या आत.

टेकचंदचा पाय ब्रेकवर गेला. रेणू हसली. म्हणाली, घाबरू नका मामा, माह्या मोबाईलची रिंग आहे. या तलावातलाच आहे तो. फक्त एका नंबरले लावला आहे.

तिनं मोबाईल समोर धरला. उजेडात तिचा चेहरा दिसला.

"आबाचा फोन."

टेकचंदचा हात शर्टाच्या खिशावर गेला. मोबाईल तिथंच होता. सिमचा कागदही. त्यानं मोबाईल बाहेर काढला. काळा. थंड.

रेणूनं फोन उचलला.

फूऽऽ...

टेकचंदनं ऐकलं. त्याच्या स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"हो आबा... आलीच... पाळीवर आहो... मामा गाडी चालवून राहिले..."

मग ती ऐकत राहिली.

हसू गेलं.

"हो..."

बराच वेळ.

"हो..."

गाडी उभी होती. इंजिन कधी बंद पडलं, कळलं नाही. बाहेर काही हलत नव्हतं. तिनं मोबाईल कानाचा काढला नाही. मान वळवून मामाकडं पाहिलं.

"मामा."

टेकचंद हातातल्या काळ्या मोबाईलकडं पाहत होता.

"आबा विचारून राहिले. त्या रात्री फोनवर मीच होती का?"

कोणती रात्र, असं काहीतरी टेकचंद पुटपुटला.

"ते म्हणतात, मामाले माहीत आहे."

...

"ते म्हणतात, मी विचारलं, बेडकं झोपले का. तिनं म्हटलं, झोपले. माही रेणू असती तर तिनं विचारलं असतं, आबा, तुमचा आवाज असा काहून येऊन राहिला."

मोबाईलचा उजेड विझला.

मग टेकचंदनं सांगितलं. सगळं. पोत्यांमागचं, रविवारचं, खिळ्याचं. नाटकात शेकडो पानं पाठ म्हणणारा माणूस, पण त्या रात्री वाक्यं जुळेनात. संपल्यावर तिनं विचारलं, "कोणाकोणाले माहीत होतं?"

"घराले."

"अजून?"

"गावाले."

ती खाली उतरली. टोपी काढून सीटवर ठेवली आणि चालू लागली, गावाकडं, पाळीवरून. टेकचंद गाडी घेऊन मागोमाग, चालत्या माणसाच्या वेगानं, तिला दिवा दाखवत. तिनं मागं वळून पाहिलं नाही. घराच्या दारात बेबीबाई उभी होती, तिलाही काही बोलली नाही. पिशवीतली टॉर्च काढली. फोटोसमोर ठेवली. पेटवली. रात्रभर ती तशीच जळत होती. दोन दिवसांनी पोरगी नागपूरला गेली. निघताना मी रस्त्यात भेटलो, म्हटलं, रेणू, राग सोड. तिनं माझ्या खिशाकडं पाहिलं. "काका, तंबाखू पुरते ना आता?" मला त्यावर गंमत सुचली नाही. तुम्हाला माहीत आहे, असं होत नाही.

आता ऐका, गोष्ट इथं संपत नाही.

पुढच्याच आठवड्यात बैलांच्या शर्यतीच्या, पटाच्या निमित्तानं नाटक होतं. टेकचंद विनोदी हवालदार. एंट्री झाली, टाळ्या पडल्या. त्यानं तोंड उघडलं.

फूऽऽ...

आणि आबाचा आवाज निघाला.

लोक हसले. वाटलं, नक्कल करतो. त्यानं पुन्हा सुरू केलं. तोच आवाज. तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत तेजराम बसला होता, तो उठून गेला. टेकचंद स्टेजवर उभा, गळ्याला हात लावून. पडदा पाडावा लागला.

तेव्हापासून त्याचा स्वतःचा आवाज नाही. हवालदार नाही, हिरॉईन नाही, माझी नक्कल नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं टॉर्च मारून गळा पाहिला, म्हणाला, झकास आहे. हाक मारली तरी आबा. खोकला तरी आबा. झोपेत बडबडला तरी. त्याची बायको दुसऱ्या खोलीत निजते.

एकदा त्यानं धीर केला. माझ्या याच ओट्यावर बसून, माझ्यासमोर. रेणूला फोन लावला. माफी मागायची होती, दुसरं काही नाही. रिंग वाजत राहिली. मला वाटलं, उचलणार नाही.

उचलला.

टेकचंदनं ओठ घट्ट दाबून धरले होते. मी पाहत होतो. तरी निघालीच.

फूऽऽ...

"रेणू... माय..."

पलीकडून श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग पोरगी म्हणाली,

"आता कोण मेलं, मामा?"