गार इंजिन

आमच्या नौदल विमान तुकडीचा इतिहास लिहिणारे माझ्याकडे येतात. त्यांना हे मी सांगत नाही. तुम्हाला सांगतो. दिवा असू द्या जवळ.

महायुद्धात राबाऊल बेटावरच्या जपानी तळावर मी विमानांचा मिस्त्री होतो. विमान निघालं की आम्ही धावपट्टीच्या कडेला उभे राहून टोप्या हलवायचो. दिसेनासं होईपर्यंत टोपी डोक्यावर घालायची नाही, हा नौदलाचा रिवाज. परत आलं की चाकांना ठोकळे लावून मी तापलेल्या इंजिनावर तळहात ठेवायचो. ही माझी सवय.

वैमानिक कुरामोची चिडवायचा, "सेन्झाकीदादा, आधी मला विचारा की कसा आहेस. इंजिनाचे लाड नंतर."

"तू बोलतोस. ते बोलत नाही," मी म्हणायचो.

एके दिवशी दुपारी सगळे परतले, कुरामोची नाही. त्याच्या जोडीनं उडणारा इवाकिरी म्हणाला, "समुद्रात पडला. मी पाहिलं." आणि जेवायला न जाता तिथेच बसला.

संध्याकाळी तळाजवळच्या ज्वालामुखीची राख भुरभुरत होती. गंधकाचा वास घशात बसला होता. समुद्राकडून आवाज आला. माझ्या हातचं इंजिन मी ओळखतो. विमान उतरलं, आपल्या जागी येऊन थांबलं. मी ठोकळे लावले, तळहात ठेवला.

गार. विहिरीतल्या दगडासारखं.

कुरामोची खाली उतरला. "इंजिन झकास आहे, दादा... साहेबांना वर्दी देऊन येतो." तो साहेबांच्या झोपडीकडे गेला. तिथे कोणीच पोचलं नाही. टाकीत पेट्रोल नव्हतं. खारं पाणी होतं.

विमानं कमी उरली होती. साहेब म्हणाले, "टाकी धुवा. उद्या इवाकिरी हेच नेईल."

"मी देणार नाही."

"बिघाड आहे?"

"नाही."

"मग?"

खोटं मी बोलत नाही. टाकी धुतली, इंजिन चालू करून पाहिलं, पहिल्याच फिरकीला सुरू झालं. सकाळी इवाकिरीला बाजूला घेतलं. "पोटात दुखतंय म्हण. जाऊ नकोस."

"तुमच्या हातचं आहे ना, दादा?"

"आहे."

"मग परत येतो. तुम्ही टोपी तेवढी लवकर घालू नका."

विमान दिसेनासं झालं. बाकीच्यांनी टोप्या घातल्या. मी हलवत राहिलो.

दुपारी सगळे आले. तो नाही. मी जागा सोडली नाही. संध्याकाळी, राखेतून, समुद्राकडून तोच आवाज. विमान थांबलं. इवाकिरी हसत उतरला. "बघा, आलो की नाही?"

तो झोपडीत पोचला. वर्दी दिली. भात खाल्ला, परत मागून घेतला. सगळ्यांनी पाहिलं. माझा तळहात तेव्हा इंजिनावर होता.

गार...

युद्ध संपलं. इवाकिरी माझ्याच गावाजवळ राहतो. बायको आहे, नातवंडं आहेत. माणूस चांगला आहे, त्याच्याविषयी कोणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. दर हिवाळ्यात आपल्या बागेतली संत्री घेऊन येतो, दारात ओंजळ पुढे करतो.

मी टोपी काढतो, त्याच्यापुढे धरतो. संत्री तिच्यातच घेतो. त्याच्या हाताला माझा हात अजून लागू दिलेला नाही.