सोंड दिसण्याआधी

‘कानोसा’ खोटा ठरला असता, तर सगळ्यात मोठा फायदा शालिक गुरुजींचा होता. वैनगंगेकाठच्या या गावाला त्यांनी अडतीस वर्षं शिकवलेला भूगोल शाबूत राहिला असता.

कानोसा म्हणजे शाळेच्या मैदानात पसरलेल्या सच्छिद्र नळ्या. माणसाला ऐकू न येणारी, वाऱ्याच्या फिरकीची खर्जातली गुणगुण त्या टिपत. त्या बसवल्या होत्या प्रांजली बडवाईकनं. गुरुजींचीच विद्यार्थिनी, आता हवामानशास्त्रज्ञ.

“गरम-गार हवेची टक्कर झाली, की ढगातून घूर्णवादळाची सोंड उतरते,” गुरुजी म्हणाले. “या उत्तराला पैकीच्या पैकी दिले होते तुला.”

“टक्कर तर कितीदा होते जी गुरुजी. घूर्णवादळ दर वेळी होते का? खालचा वारा एकीकडे, वरचा दुसरीकडे अन् जोरात. मधल्या हवेला आडवा पीळ पडते. ढगात चढणारी हवा तो पीळ उभा करते. अन् फिरकी कितीदा जमिनीलगतच आधी सुरू होते, सोंड मागून दिसते.”

“मग माझे मार्क परत कर.”

“ते नाही देत!”

वैशाखातल्या एका दुपारी कानोशाचा भोंगा वाजला. वादळ पोचायला नऊ मिनिटं होती. आभाळ काळंहिरवं, सोंड कुठंच नाही. गाव अंगणात आलं, वर सोंड नाही हे पाहिलं आणि निवांतपणे दारं-खिडक्या सताड उघडू लागलं. आतला दाब सुटला की घर वाचतं, हे सगळ्यांना गुरुजींकडूनच पाठ होतं.

“वारा आत शिरून छप्पर उचलेल!” प्रांजली कळवळली. “माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही बोला.”

गुरुजी ग्रामपंचायतीत शिरले. तिथला माईक ओढला.

“मी शालिक काटेखाये. मी चुकीचं शिकवलं. सोंडेची वाट पाहू नका. खिडक्या उघडत बसू नका, पक्क्या घरातल्या मधल्या खोलीत शिरा. रेवाराम, वर काय पाहून राहिला? आत हो!”

समोरच्या अंगणातला पन्नाशीचा रेवाराम शाळकरी पोरासारखा आत पळाला.

वादळानं एकतीस छपरं नेली. माणूस एकही नाही.

सकाळी कौलांचे तुकडे वेचताना रेवारामनं हळूच विचारलं, “गुरुजी, बाकीचं तरी बरोबर हाये का जी? ग्रहण, भूकंप?”

सगळे हसले. गुरुजीही हसले, थोडे उशिरा. छपरं एकतीस घरांची गेली. गुरुजींचा मात्र शब्द गेला. आता ते काहीही बोलले, की गाव आधी ‘कशावरून?’ म्हणणार होतं. हा तोटा म्हणायचा, की त्यांनी गावाला शिकवलेला सगळ्यात चांगला धडा?