लोरेन्झोची शेवटची सही

"चित्रकार गेले, आणि त्यांचं शेवटचं चित्रही गेलं. एकाच सकाळी," हेमांगी म्हणाली.

खासगी तपासनीस नीलम सामंतच्या शांती नगरमधल्या ऑफिसात ती बसली होती. नीलमचा सहायक जितेंद्र यानं तिच्यापुढे पाणी ठेवलं. बायको वारल्यापासून जितेंद्र सांगितलेली कामं निमूट करायचा. त्याच्या आत काही हलत नसे.

हेमांगी एका मासिकाची संपादक होती. चित्रकार लोरेन्झो बेल्लाती मूळचे इटलीतल्या जेनोवाचे. तरुणपणी ते लंडनच्या साप्ताहिकांसाठी चित्रं काढायचे. मिठागरांवरच्या एका लेखासाठी भाईंदरला आले, तिथल्याच खारी गावातल्या मंजुळाशी लग्न करून इथलेच झाले. मुंबईच्या मासिकांची कितीतरी मुखपृष्ठं त्यांनी केली.

"आदल्या संध्याकाळी फोन आला. चित्र तयार आहे, उद्या घेऊन जा. आणि हसून म्हणाले, या वेळी सही नीट वाच. सकाळी मी पोचले, तर ते झोपेतच वारलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पण चित्र नव्हतं."

हेमांगी दोघांना खारीत घेऊन गेली. लोरेन्झोंचं बैठं घर आता चारी बाजूंनी इमारतींत दबलं होतं. मंजुळाबाईंनी डाव्या हातानं किटली उचलून चहा ओतला. डोळे कोरडे होते. जितेंद्रला तो कोरडेपणा ओळखीचा वाटला.

"कुलूप तुटलेलं?" नीलमनं विचारलं.

"न्हाय."

"त्यांच्या खोलीतलं काही हलवलंत?"

"होतं तसंच हाय."

खोलीत भिंतभर सही केलेली जुनी चित्रं होती. एका फोटोत तरुण लोरेन्झो उजव्या हातात ब्रश धरून उभे. चित्र ठेवायची तिवई रिकामी. ब्रश आणि पाण्याचा मग तिच्या डाव्या बाजूला.

तेवढ्यात विपुल आला. लोरेन्झोंची चित्रं तोच विकायचा. नीलमनं चित्राचं विचारताच तो उसळला.

"मी कशाला चोरू? गेली चार-पाच वर्षं त्यांचा हात इतका थरथरायचा, की चहासुद्धा काकी पाजायच्या."

"मग चित्रं कशी काढायचे?"

"ब्रश हातात आला की थरथर थांबते, म्हणायचे. पण काम चालू असताना मला आत येऊ देत नसत."

"हाच चोर," जितेंद्र बाहेर कुजबुजला.

"विकायला चोरलं असतं, तर भिंतीवरची सोडली असती का?" नीलम म्हणाली. "सगळ्यांना आत बोलाव."

सगळे खोलीत जमले.

"कुलूप शाबूत आहे. म्हणजे चित्र घरातल्याच माणसानं उचललं," नीलम म्हणाली. "एकच गेलं. म्हणजे त्या एका चित्रात काहीतरी लपवायचं होतं. लोरेन्झो उजव्या हाताचे, तर पाणी आणि ब्रश डावीकडे. चहाचा कप न पेलणारा माणूस मुखपृष्ठ रंगवणार कसं? या घरात डावखुरं कोण, ते आपण चहा घेताना पाहिलं. काकी, ही चार-पाच वर्षं चित्रं तुम्ही काढत होतात. सही तेवढी ते करायचे. फोनवर ‘सही नीट वाच’ म्हणाले, कारण या वेळी त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही. तुमचं घातलं."

मंजुळाबाई उठल्या. आतल्या कपाटातून चित्र आणून त्यांनी तिवईवर ठेवलं. मिठागरात फावडं टेकून उभा असलेला गोरा म्हातारा. कोपऱ्यात वाकडीतिकडी देवनागरी अक्षरं: मंजुळा.

"मला इचारलं न्हाय तेंनी," त्या म्हणाल्या. "सकाळी उठवाया गेले, त अंग गार. मंग इकडं बघितलं, त यो नाव. लोक बोलले असते, म्हातारा खोटा. जुनी, तेंच्या हातची चित्रंबी खोटी झाली असती. म्हणून लपवलं. रडाया पन आलं न्हाय मला."

जितेंद्र पुढे झाला. "येत नाही, काकी," तो म्हणाला. "मलाही नाही आलं."

बायको गेल्यावर हे त्यानं पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं.

हेमांगीनं हळूच विचारलं, "मी काय छापू?"

मंजुळाबाईंनी कोपऱ्यातल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"खरं छापा," त्या म्हणाल्या. "हात चालला तवर तेंचं नाव. मंगचं माजं. आणि यो बी लिवा, की मला शिकवलं तेंनीच."