गाठीचं टोक

आमच्या इंदिरानगरच्या घरात मासा शिजत नाही. तरीही आल्हादनं, माझ्या धाकट्या भावानं, व्हिडिओ बघून बघून गळ टाकायचं वेड घेतलं आणि मलाही लावलं. पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. आई म्हणायची, "खायचा नाही, तर त्या मुक्या जिवाला छळता कशाला? हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच!"

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर तो कातळावरून घसरला. पाण्यात खूप शोधलं. चप्पल मिळाली, तो मिळाला नाही.

देह नसला तर दर्भाचा पुतळा करून संस्कार करतात, हे गुरुजींनी आईला समजावलं होतं. ती ऐकेना. वर्षभर तिनं रात्री दाराला कडी लावू दिली नव्हती, पोटभर जेवली नव्हती. ती यातून सुटावी, एवढीच माझी इच्छा होती. शेवटी तिनं अट घातली.

"तू एकदा तिथे जाऊन ये, ज्ञानेश. तळापर्यंत बघ. तो नाही असं तू सांगितलंस, की मी गुरुजींना हो म्हणते."

मी सातपूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. मोजल्याशिवाय काही मानायचं नाही, हा माझा धंदा. गळ टाकून गेलेला माणूस सापडत नसतो, हे मला कळत होतं. पण आईचा शब्द मोडवेना. शनिवारी सकाळी आल्हादचाच रॉड घेऊन निघालो.

पाऊस संपून पाणी निवळलं होतं. धरण काठोकाठ भरलेलं. काळा कातळ उन्हानं तापायला लागला होता आणि मागच्या मळ्यातून टोमॅटोच्या पाल्याचा उग्र वास येत होता. रॉडच्या तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला, जिग बांधली. जिग म्हणजे माशाच्या आकाराचा शिशाचा चकचकीत तुकडा, त्याला गळ. ती तळाला सोडायची, झटक्यानं उचलायची, परत पडू द्यायची. तळ लागला की तंगूस सैल पडतो, हाताला ते कळतं.

गाठीचं उरलेलं टोक मी नेलकटरनं कापलं. यावरून आमचं नेहमी वाजायचं. "कापू नको रे दादा, जाळ," आल्हाद म्हणायचा. "कापलेली गाठ सुटते." तो लायटरनं टोक वितळवायचा आणि गरम असतानाच नखानं दाबायचा. मोहरीएवढा चपटा मणी व्हायचा. घरातली तोरणं, पडदे, गॅलरीतली कपड्यांची दोरी, सगळं आम्हीच तंगुसानं बांधलेलं. कुठली गाठ कोणाची, ते आईला नुसता हात लावून कळायचं.

जिग टाकली. तळ लागला, तंगूस सैल पडला आणि सैलच राहिला. गुंडाळून घेतली तर मासा नव्हता. गाठीच्या टोकाला चपटा मणी होता.

दगडावर घासलं असेल, मी स्वतःला म्हणालो. घासलेलं नायलॉन विस्कटतं, वितळत नाही, हेही मला ठाऊक होतं. गाठ कापली, नवी बांधली, टोक कापलं, टाकली.

परत मणी.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम चुकीची गाठ बांधली. असली गाठ दिसली की आल्हाद 'बुटाची नाडी' म्हणून हसायचा. जिग खाली गेली. तंगूस बोटावर धरून मी उभा राहिलो.

ओढ आली नाही. खाली कोणीतरी गाठ सोडवत होतं.

राखी बांधताना बहीण मनगट धरते, तेवढ्याच हलक्या हातानं. वेढे पडत होते. मग आवळल्याचं कळलं.

मग एक टिचकी, झालं म्हणून सांगितल्यासारखी.

"आल्हाद," मी म्हणालो. मला रडू आलं आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

वर आली ती त्याची गाठ होती. मणी बोटाला चटकला.

हे आईला सांगितलं असतं तर ती त्या कातळावर येऊन बसली असती आणि परत उठली नसती. मी ती गाठ कापून पाण्यात टाकली. माझ्या हातानं नवी बांधली, टोक कापलं, बोटाला टोचतंय याची खात्री केली. वरचा तंगूस तोडून जिग गाठीसकट डबीत घातली आणि डबी गाडीच्या डिकीत.

आई ओट्याशी उभी होती.

"बघितलंस?"

"बघितलं. तळापर्यंत. नाहीये तो, आई."

तिनं डोळे मिटले. पदरानं पुसले. "बरं," ती म्हणाली. "गुरुजींना फोन कर. आणि आज दाराला कडी लाव हो." मला इतकं हायसं वाटलं की मी खालीच बसलो.

तिनं हात पुढे केला. "कशानं बघितलंस, ते दाखव."

मी डबी दिली. तिनं जिग तळहातावर घेतली, गाठीवरून अंगठा फिरवला. फिरवतच राहिली.

"तुझी गाठ टोचते, ज्ञानू," ती म्हणाली. "ही टोचत नाही."

मग तिनं माझं बोट धरून त्या टोकावर ठेवलं. ते अजून गरम होतं.

"कडी नको लावूस," आई म्हणाली.