नदीपलीकडचं बाक

दर्शना, तुझी बदली सिनसिनाटीला झाली असं आनंदकाकांकडून कळलं, म्हणून तुला मुद्दाम बोलावलं. चहा घे. आणि तो कोपऱ्यातला दिवा लाव आधी, मग बस. तू जाऊ नयेस असं मी म्हणणार नाही. इतकं देखणं शहर मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. फक्त तिथे मला जे दिसलं ते तुझ्या कानावर असावं.

लुर्दस तुला माहीत आहे. आमच्या शाळेत ती शिवण शिकवायची आणि मी भूगोल. इथल्याच जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातली. नवरा गेल्यापासून एकटीच राहते. तिचा मुलगा व्हॅलेंटाईन सिनसिनाटीला असतो. त्याने तिला चारदा बोलावलं, तर ही म्हणाली, "वासंती येत असेल तर येते." आमच्या ह्यांचे, तुझ्या आनंदकाकांचे, गुडघे दुखत होते, ते इथे ठाण्याला, वर्तकनगरलाच राहिले, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या निघालो.

ओहायो नदी मी पोरींना वर्षानुवर्षं नकाशावर बोट फिरवून शिकवलेली. ती समोर आली तेव्हा मी नकाशाच विसरले. केवढं पात्र, केवढा संथपणा. कोळशाने भरलेले लांबच लांब तराफे तिच्यावरून जातात, पण आवाज नाही. काठापासून टेकड्यांवर चढत गेलेली लाल विटांची घरं, मधूनच चर्चचे मनोरे. ऑक्टोबर होता, झाडं केशरी झाली होती. लुर्दस सारखी म्हणायची, "हे सगळं कुणी रंगवलं असेल गो?"

आणि तो पूल. निळा, लोखंडी दोरांवर तोललेला, दोन्ही टोकांना दगडी कमानी. ज्याने पुढे न्यूयॉर्कचा तो प्रसिद्ध पूल आखला, त्याच इंजिनियरचा हा, त्याच्याही आधीचा. रस्त्याच्या जागी लोखंडी जाळी आहे. तिच्यावरून गाड्या गेल्या की सगळा पूल घुमतो, तंबोरा लावल्यासारखा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिथेच उभी राहिले. पूल ओलांडला की राज्यच बदलतं, पलीकडे केंटकी.

त्या दिवशी लुर्दसला क्रोशाचा दोरा हवा होता. दुकान पलीकडच्या काठावर होतं. व्हॅलेंटाईनने ऑफिसला जाताना आम्हाला पुलाशी सोडलं. म्हणाला, "चालत जा, मजा येईल. दुपारी मी पलीकडून घेऊन जातो."

सकाळचं धुकं होतं. आपल्याकडे येऊरच्या डोंगरात पडतं तसं पांढरं, हलकं नव्हे. हे नदीतून वर येत होतं, गढूळ आणि जड. पुलाच्या मध्यावर पोचलो तर मागचा काठ नाही, पुढचा नाही, खाली पाणीही नाही. फक्त तो घुमणारा आवाज, पायांतून वर चढणारा. लुर्दसने माझा हात धरला. मला मात्र भीती वाटली नाही. ढगातून चालल्यासारखं सुंदर वाटत होतं.

पलीकडे उतरल्यावर नदीकाठाने रस्ता जातो. तिथे माणसाएवढे काशाचे पुतळे ठेवलेत. चौथऱ्यावर नाही, आपल्यातच. कुणी उभा, कुणी बाकावर पुस्तक वाचत बसलेला. लोक शेजारी बसून फोटो काढतात. आम्हीही काढले. लुर्दस एकाच्या खांद्यावर हात टाकून बसली आणि म्हणाली, "सेलेस्टीन असता तर रुसला असता." सेलेस्टीन तिचा नवरा.

आणखी पुढे, झाडांच्या रांगेपाशी एक बाक होतं. त्यावर एका बाईचा पुतळा, नदीकडे तोंड केलेला. अंगाभोवती शाल, डोक्यावरून घेतलेली. शालीच्या चुण्या इतक्या बारीक घडवल्या होत्या की मी घडवणाऱ्याला मनातल्या मनात दाद दिली. लुर्दस म्हणाली, "मी थकले. हिच्याजवळ बसते जरा. तू बघून ये पुढचं."

मी पुढे गेले, जेमतेम आपल्या वाण्याच्या दुकानाइतकी लांब. पुढे पुतळा नव्हताच. वळले, तेव्हा लक्षात आलं की पूल गप्प झालाय. गाड्या नाहीत, घुमणं नाही. आणि वास येत होता. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमटी राहिली की येतो ना, तसा कळकलेला वास.

धुक्यातून लुर्दसचा आवाज आला. ती हळू बोलत होती. तिच्या घरच्या बोलीत, जी ती फक्त बहिणींशी बोलते. मधे थांबायची, ऐकल्यासारखी, आणि "हं" म्हणायची.

मी जवळ गेले. "लुर्दस, कोणाशी बोलतेस?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही विचारते, कुठून आलात..."

मी खाली पाहिलं. लुर्दसचा हात त्या बाईच्या मांडीवर होता आणि त्या हातावर बाईचा हात होता. हिरवट, काळसर. मी आधी पाहिलं तेव्हा तिचे दोन्ही हात शालीच्या आत होते, दर्शना. शालीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं.

"ऊठ," मी म्हटलं.

"उठता येत नाही गो..."

मी तिचा दंड धरून ओढलं. ती जागची हलली नाही. मी ते काशाचं बोट उचलायला गेले. ते थंड होतं, पण कडक नव्हतं. माझा हात आपोआप मागे आला. बाईचा चेहरा नदीकडेच होता, पण शालीखाली गाल हलत होता, बोलणाऱ्या माणसाचा हलतो तसा.

त्या क्षणी लुर्दसने जे केलं त्याबद्दल मी तिला जन्मभर मानेन. ती रडली नाही, झटापट केली नाही. दुसरा हात तिने त्या हातावर ठेवला आणि वर्गात नवीन आलेल्या मुलीची समजूत काढावी तशी बोलली, "बाय माझे, माझा मुलगा घ्यायला येतो. मी गेले नाही तर तो घाबरेल. सोड आता."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग बोटं एकेक करून उघडली.

आम्ही पळालो नाही, पळवणारच नव्हतं. एकमेकींना धरून चालत राहिलो, आणि चालता चालता पूल पुन्हा घुमू लागला. दोरा घेतला नाही. तिथल्या एका कॉफीच्या दुकानात व्हॅलेंटाईन येईपर्यंत बसून राहिलो. लुर्दसच्या मनगटावर हिरवा डाग होता. बेसिनवर साबणाने दोनदा घासला, तेव्हा गेला.

व्हॅलेंटाईनने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. म्हणाला, "मम्मा, असा पुतळा इथे नाही. मी दर रविवारी इथे धावायला येतो." आम्ही तिघं परत जाऊन पाहिलं. धुकं विरलं होतं, नदीवर ऊन चमकत होतं. बाक होतं, रिकामं. सगळं दवाने भिजलेलं, फक्त दोन माणसं बसतील एवढी जागा कोरडी होती.

त्यानंतर आम्ही तिथे महिनाभर राहिलो. बोटीतून फिरलो, टेकडीवरच्या बागेतून सूर्यास्त पाहिले. सगळं तितकंच सुंदर होतं, खरंच सांगते. लुर्दसने तो विषय काढला नाही, मीही नाही. इथे आल्यावरही नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही मासुंदा तलावाला फेरी मारत होतो. चालता चालता तिने सहज विचारलं, "वासंती, ही सुमती कोण गो?"

"कोण सुमती?"

"त्या बाकावर... ती बाई माझ्याशी बोलतच नव्हती तशी. कुठून आलात एवढं विचारलं, मग सारखं एकच म्हणत होती. तुझ्यासोबत आलीये त्या सुमतीला बोलव, मला तिच्याजवळ बसायचंय. मी म्हटलं, माझ्यासोबत कोणी सुमती नाही. म्हणून सोडलं असेल तिने."

लग्नात माझं नाव बदललं, दर्शना. त्याआधी मी सुमती होते. त्या नावाने मला हाक मारणारं कोणी आता उरलेलं नाही, आणि लुर्दसला ते मी कधीच सांगितलं नव्हतं.